साडेआठची नोंद

पाऊस मोजायला अक्कल लागत नाही, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. सकाळी साडेआठला जायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वाचायचा, वहीत टिपायचा. गाढवालाही जमेल. सासूबाई आता नाहीत, नाहीतर त्यांना दाखवलं असतं की या गाढवीच्या एका नोंदीनं एक मोठा साहेब गजाआड गेला. आणि त्याआधी याच गाढवीच्या एका नोंदीनं तो सुटलाही होता. दोन्ही नोंदी माझ्या हातच्या, दोन्ही नियमाला धरून.

मी तेजश्री धनावडे, कुसुंबळीच्या माळावरच्या पर्जन्यमापकाची निरीक्षक. नाव मोठं, काम लहान. तारेच्या कुंपणात एक नरसाळं आणि त्याखाली दहा लिटरची बाटली. सव्वीस वर्षं मी ती बाटली रिकामी करते आहे. साडेआठच का, तर देशभर सगळे त्याच ठोक्याला मोजतात. साडेआठला मोजलेला पाऊस मागच्या चोवीस तासांचा असतो, पण वहीत तारीख पडते ती मोजल्या दिवसाची. म्हणजे काल संध्याकाळी आभाळ फाटलं, तरी वहीच्या हिशेबी ते आज फाटलं. नव्या माणसाला हे पटत नाही. मलाही पहिल्या वर्षी पटलं नव्हतं. पण सगळ्यांनी सारखा पाळला तरच नियमाला अर्थ, म्हणून मी पाळत आले. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

ढग वळवायला लागले त्याला आता पंधरा वर्षं झाली. वळवतात म्हणजे ढकलत नाहीत. ढगाला नेतो वाराच. पण त्याने कुठे रिकामं व्हायचं ते माणूस ठरवू शकतो. ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते पडतच नाहीत, नुसते तरंगतात. दहा लाख बारके थेंब एकमेकांना चिकटतील तेव्हा कुठे पावसाचा एक थेंब होतो. घाटमाथ्यावरच्या मनोऱ्यांतून छोटी विमानं सुटतात, बिनमाणसांची. ती ढगात शिरून काही थेंबांना विजेचा धन भार देतात, काहींना ऋण, आणि वर मिठाची पूड फवारतात. मीठ ओल ओढतं, उलट्या भाराचे थेंब एकमेकांना ओढतात, आणि ढग कोसळतो. याला म्हणायचं उतरवणं. आणि नको असेल तिथे सगळ्या थेंबांना एकाच जातीचा भार द्यायचा, म्हणजे ते सवतींसारखे एकमेकांपासून फटकून राहतात आणि ढग न पडता पुढे सरकतो. याला म्हणायचं लांबवणं. वाटतं तितकं अवघड नाही. कळ दाबायला फक्त माणूस लागतो.

मग प्रश्न आला, ढग कुणाचा?

घटनेत तीन याद्या आहेत. काही विषय केंद्राचे, काही राज्याचे, काही दोघांचे. सैन्य, रेल्वे, टपाल केंद्राकडे. पोलीस राज्याकडे, पाणीही राज्याकडे. ढग मात्र कुठल्याच यादीत नाही. याद्या करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल की ढगाला कधी मालक लागेल! आणि जे कुठल्याच यादीत नाही ते केंद्राचं, असंही तिथेच लिहिलेलं. झालं. ढग पडेपर्यंत दिल्लीचा, पडल्यावर मुंबईचा. मधल्या दीड-दोन किलोमीटरांत त्या थेंबाला आई ना बाप.

भांडणं झाली, मग करार झाला. ढग उतरवायला केंद्राचं मेघ प्राधिकरण. त्या पावसाने काही वाईट झालं तर एकतीस जुलैपर्यंतची जबाबदारी केंद्राची, एक ऑगस्टपासून राज्याची. बदल्यात राज्याला पाऊस मागायचा हक्क. आता पाऊस कोणत्या तारखेचा हे ठरवणार कोण? केंद्राच्या यंत्रावर राज्याचा भरवसा नाही, राज्याच्या यंत्रावर केंद्राचा नाही. तेव्हा प्राधिकरणाचे मुख्य नियंत्रक डॉ. मिहिर कारखानीस यांनी तोडगा काढला, तो झाला कलम अकरा: हाताने मोजणाऱ्या निरीक्षकाच्या वहीत जी तारीख असेल ती अंतिम. दोन्हीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मीही खूश झाले होते. गाढवीला मान मिळाला ना!

एकतीस जुलैला, नऊ वर्षांपूर्वी, दुपारी चारला पहिले थेंब आले. मी वाळत घातलेले कपडे काढत होते. एक थेंब ओठावर पडला आणि खारट लागला. मला वाटलं, घाम असेल.

चार तासांत आभाळ ओतलं. खालच्या खोऱ्यात केंद्राचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहत होता. त्याच्या पायात पाणी शिरू नये म्हणून ढग आमच्या डोक्यावर उतरवला. ओढा खालच्या आळीत घुसला. एकतीस माणसं गेली. त्यात आमची गार्गी. सतरा वर्षांची. ओढ्याकाठच्या अभ्यासिकेत बसलेली, परीक्षा जवळ आली म्हणून मीच दटावून पाठवलेली. आम्ही बोटी मागितल्या. राज्याचा आपत्ती कक्ष म्हणाला, ढग केंद्राचा आहे, तिकडे विचारा. तिकडे विचारलं तर म्हणाले, पाणी राज्याचं. हे असं रात्रभर चाललं.

सकाळी साडेआठला मी कुंपणात गेले. का गेले, सांगता येत नाही. हात सवयीने गेले. वीस मिलिमीटरचं माप वीसदा भरलं, वर बारा. चारशे बारा मिलिमीटर. माझे मालक विश्वजित, दुधाची गाडी चालवायचे, रात्रभर चिखलात पोरीला शोधून तसेच वर आले. मी वहीत तारीख घालत होते, एक ऑगस्ट.

"कालची तारीख घाल, तेजा," ते म्हणाले. "काल गेली आपली पोर."

"नोंदीचा नियम आहे, अहो. साडेआठला मोजलं की आजची."

ते तसेच वळून परत खाली शोधायला गेले. मला कलम अकरा त्या वेळी आठवलंही नव्हतं, देवाशपथ. मला फक्त एकच गोष्ट नीट करता येत होती, ती मी करत होते.

गार्गी तिसऱ्या दिवशी सापडली.

कोर्टात केंद्राच्या वकिलाने माझी वही उघडली. एक ऑगस्ट, चारशे बारा, खाली माझी सही. जबाबदारी राज्याची! राज्याचा वकील म्हणाला, कळ दाबली तुम्ही, आम्ही का भरायचं? निकाल लागला: कलम अकराप्रमाणे वहीतली तारीख अंतिम, प्रत्यक्ष पाऊस कधी पडला हा मुद्दा गैरलागू. कारखानीस निर्दोष. राज्यानेही हात झटकले, कारण आदेश त्यांचा नव्हता. एकतीस मढी, आणि मारणारा कुणीच नाही.

बाहेर पडताना कारखानीस माझ्याजवळ आले. उंच, गोरे, बोलणं लोण्यासारखं. म्हणाले, "धनावडे बाई, तुमची नोंद अत्यंत काटेकोर होती. अशा प्रसंगातही. अभिनंदन."

मालक शेजारीच उभे होते. त्या दिवसापासून ते कराडला भावाकडे राहतात. भांडण नाही, फारकत नाही. सणाला फोन करतात, दुधाचं विचारतात, पावसाचं कधीच विचारत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या 'अभिनंदन'चं काय करायचं, ते मी त्याच पायरीवर ठरवलं.

लोक म्हणतात, सूड म्हणजे कोयता. मी राजपत्र वाचायला लागले. दर आठवड्याला, चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत. गावात हसायचे, तेजाकाकी वकील होणार म्हणून. हसा म्हटलं.

गेल्या वर्षी घटनादुरुस्ती झाली. ढग तिसऱ्या यादीत आला, दोघांचा झाला. नवा कायदा पंधरा सप्टेंबरपासून लागू: वस्तीवर दोनशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस राज्याच्या लेखी संमतीशिवाय उतरवला, तर आदेश देणारा अधिकारी जातीने गुन्हेगार. दहा वर्षं. पोलीस राज्याचे, अटकेला दिल्लीची परवानगी नको. चौदा सप्टेंबरपर्यंतच्या पावसाला मात्र संपूर्ण संरक्षण.

त्या कायद्याचा मसुदा आम्हा निरीक्षकांकडेही आला होता, अभिप्रायासाठी. असे मसुदे कुणी वाचत नाही. मी वाचला. सगळं बदललं होतं, पण कलम अकरा जुन्या करारातून जसंच्या तसं उचललेलं. वहीतली तारीख अंतिम. मी दोन दिवस तो कागद उशाशी घेऊन झोपले. मग अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'. सही ठोकली आणि टपालात टाकला.

कारखानीस संरक्षणाच्या शेवटच्या दिवशी हात साफ करणार, हे मला ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी घाटात चार ठिकाणी ढग उतरवले; नंतर राज्यापुढे हात पसरावे लागणार म्हणून घाई. कारखान्याच्या डोक्यावर सप्टेंबरचा मोठा ढग येणार, आणि त्याच्या वाटेत आम्ही.

चौदा तारखेला दुपारी साडेतीनला मी माळावर उभी होते. थेंब आला. जिभेवर घेतला. खारट!

मी शाळेची घंटा बडवत सुटले. या वेळी कुणी हसलं नाही. म्हातारी, लेकरं, गुरं, सगळी खालची आळी तासाभरात माळावरच्या शाळेत आणून बसवली. एक कोंबडीसुद्धा खाली ठेवली नाही. सूड माझा होता, त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकरानं का द्यावी? संध्याकाळी ओढा आला, पूल घेऊन गेला, सात घरं घेऊन गेला. माणूस एकही नाही. आठच्या सुमारास पाऊस थांबला. पुढे थेंब नाही.

सकाळी आठला मी कुंपणाशी बसले होते. बाटली भरलेली दिसत होती. आठ वाजून दहा मिनिटांनी घाटावरून एक सरकारी गाडी चिखल उडवत आली आणि त्यातून कारखानीस उतरले. केस पांढरे झालेले, बुटांना चिखल, सोबत कुणी नाही. जुन्या करारासोबत कलम अकराही गेलं असं धरून चालले असणार; नव्या कायद्यातही ते तसंच आहे, हे पहाटे त्यांच्या वकिलानं दाखवलं असणार.

"धनावडे बाई," ते म्हणाले, "ओळखलंत?"

"तुम्हाला कोण विसरेल, साहेब? बसा. दगड ओला आहे, पण बसा."

ते बसले नाहीत. "मी नियंत्रक म्हणून तुम्हाला विशेष वाचनाचा आदेश देतो. साडेआठची वाट न बघता आत्ता मोजा आणि पाऊस पडला त्या दिवसाची, चौदा तारीख घाला. पाऊस कालच संपलाय. सत्य तेच आहे."

"विशेष वाचनाचा अधिकार तहसीलदारांना. राज्याचा विषय." मी घड्याळ बघितलं. "आठ चौदा. सोळा मिनिटं आहेत अजून."

त्यांचा आवाज बदलला. "बाई, माझं वय एकसष्ट आहे. घरी बायको आजारी आहे. दहा वर्षं म्हणजे…"

"माझ्या मुलीचं वय सतरा होतं."

कुंपणाच्या तारेवर एक पाखरू येऊन बसलं आणि उडून गेलं. मग ते हळूच म्हणाले, "तुम्हाला काय हवंय ते मी देऊ शकतो. कबुली. एकतीस जुलैचा आदेश मी दिला. लिहून देतो, सहीनिशी. निकाल फिरवता येईल. एकतीसच्या एकतीस कुटुंबांना केंद्राकडून मान्य करून घेता येईल की त्यांची माणसं सरकारी आदेशाने गेली. नऊ वर्षं तुम्ही हेच मागत होतात ना?"

"त्या दिवशी कळ दाबताना वहीत एक ऑगस्ट पडणार, हे ठाऊक होतं?"

त्यांनी मान खाली घातली. "हो. म्हणूनच तो दिवस निवडला."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की काहीतरी फुटेल आत. काही फुटलं नाही. उलट हात अगदी स्थिर झाले.

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला घेतलं. अक्षर सुंदर होतं. खोटं कशाला बोलू, माझा जीव त्या कागदावर गेला. विश्वजित एवढ्यासाठीच कराडला बसलेत. एकतीस घरांत एकतीस तसबिरी आहेत, आणि एकाही तसबिरीखाली कुणी मारलं ते लिहिलेलं नाही. हा कागद नेऊन प्रत्येक दारात वाचून दाखवता आला असता. त्यासाठी फक्त वहीत एक आकडा बदलायचा, आणि तोही खऱ्याला धरून. पण तो कागद घेतला असता, तर हा माणूस गाडीत बसून घरी गेला असता. चौदा तारखेला त्याला कायद्याचं छत्र, आणि मागच्या गुन्ह्यालाही. जेवला असता, झोपला असता, पुढच्या वर्षी कुठेतरी भाषण केलं असतं.

"आधी चौदा तारीख घाला, मग हे घ्या," त्यांनी कागद पुढे केला. आठ अठ्ठावीस.

मी कुंपणात गेले. नरसाळं काढलं, बाटली काढली, माप पुसलं. ते कागद धरून कुंपणाच्या तारेशी आले.

"बाई, पाऊस कालच पडला! तुम्हाला माहीत आहे!"

"माहीत आहे की. माझी गार्गीसुद्धा कालच गेली होती, साहेब."

साडेआठ. मी ओतायला लागले. एक माप, वीस मिलिमीटर. दोन. तीन. ते ओठांत मोजत होते, मला ऐकू येत होतं. दहा मापांवर दोनशे झाले, आणि अकरावं माप भरलं तेव्हा ते मोजायचे थांबले. एकूण अठरा मापं आणि वर अकरा. तीनशे एकाहत्तर.

मी वही उघडली. पंधरा सप्टेंबर. ३७१.०. सही. तहसीलला फोन करून आकडा सांगितला, तारखेसकट. मग वही त्यांच्यासमोर धरली. "बघा, काटेकोर आहे ना? अभिनंदन करा की."

त्यांनी कागद फाडला. चार तुकडे, मग आठ, मग मोजता येणार नाहीत इतके. ओल्या गवतात शाई पसरली. मी वाकून एकही तुकडा उचलला नाही.

अकराच्या सुमारास पोलीस निरीक्षक नसीमा मुल्ला घाटाकडून गाडी घेऊन आल्या. तोवर कारखानीस तिथेच दगडावर बसून होते. शेवटी बसले. मुल्ला मॅडमनी त्यांना आमच्या खटल्याचा निकालच वाचून दाखवला: वहीतली तारीख अंतिम, प्रत्यक्ष पाऊस कधी पडला हा मुद्दा गैरलागू. त्या निकालाची प्रत मीच दिली होती. इतकी वर्षं घडी पडून मधोमध विरली होती, पण वाचता येत होती.

दुपारी मुंबईहून राज्याच्या कुठल्या सचिवांचा फोन आला. "ताई, हा राज्याच्या अधिकारांचा विजय आहे. तुमचा सत्कार करायचा म्हणतोय."

"सत्कार राहू दे," मी म्हटलं. "त्या रात्री बोटी मागितल्या तेव्हा तुमचा कक्ष म्हणाला, ढग केंद्राचा. आता ढग दोघांचा आहे. पुढची चूक तुमची झाली, तर वही हीच आहे आणि मीही हीच आहे. ध्यानात ठेवा."

फोन तिकडूनच बंद झाला.

संध्याकाळी विश्वजित आले. पूल वाहून गेलेला, तर ओढ्यापलीकडे गाडी लावून गुडघाभर पाण्यातून चालत. अंगणात उभे राहिले, आत आले नाहीत. बातमी त्यांनी ऐकली होती.

"कितीची घातलीस तारीख?"

"आजची."

त्यांनी मान हलवली. मग मी सगळं सांगितलं, काही न लपवता. कबुलीचा कागदही सांगितला. गार्गीचं नाव त्या कागदात होतं, एकोणिसावं, सुंदर अक्षरात. ते ऐकताना त्यांचा चेहरा पार उतरला.

"देत होता? सहीनिशी?"

"सहीनिशी."

"आणि तू घेतला नाहीस." आवाज चढला. "नऊ वर्षं, तेजा! नऊ वर्षं मी त्याच कागदासाठी… घ्यायचास ना! पोरीचं नाव होतं त्यात!"

"होतं."

"मग का नाही घेतलास?"

मी काचेचं माप धुऊन उंबऱ्यावर पालथं घातलं होतं, ते सरळ केलं. उद्या साडेआठला परत लागणार होतं.

"कारण कागदाला कोठडीत घालता येत नाही," मी म्हटलं. "माणसाला येतं."